आधी डावा, मग उजवा

या मायबाप, जरा जवळ सरका. गोष्ट चिमूटभरच आहे, पण जीव मुठीत धरून ऐकावी अशी.

मुलांचे डोळे तपासायला शिकणाऱ्या एका आईची त्या दिवशी सरांसमोर प्रात्यक्षिक परीक्षा होती. तपासायला तिनं आपलीच पाच वर्षांची पिटुकली आणली होती. वर्गातल्या चित्रांच्या तक्त्याची नक्कल घरी टांगून महिनाभर तिच्यावरच तर हात बसवला होता! तक्त्याकडे पाठ करून ती लेकीसमोर बसली आणि तिनं आधी डावा डोळा झाकला.

"मासा... चावी... फूल," पिटुकली थांबत थांबत म्हणाली.

आईच्या काळजात धस्स झालं. घरी तर ही रोज घडाघडा म्हणते, घर, छत्री, चेंडू! मग आज उजव्या डोळ्याला झालं तरी काय? देवाचं नाव घेत तिनं उजवा झाकला.

"घर, छत्री, चेंडू! झालं ना आई? आता चॉकलेट?"

आईच्या जिवात जीव आला. "सर, हिचा डावा डोळा अगदी उत्तम आहे. उजव्याचीच भीती वाटतेय हो."

सरांनी तिच्या मागच्या भिंतीकडे बोट केलं. "ताई, तक्ता मी आज सकाळीच बदललाय. मागे वळून बघा."

भिंतीवर मासा होता, चावी होती, फूल होतं.

वेळ अजून गेलेली नाही, असं सर म्हणालेत. तरी हात जोडाल तेव्हा त्या लेकराच्या डाव्या डोळ्याची आठवण ठेवा.