हिरवं हाये

“प्रणालीले साप डसला, गुरुजी! हिरवं हाये, म्या पाह्यलं. निघालो आमी!”

मैनाबाई फोनवर ओरडली, मागं जीप सुरू झाल्याचा आवाज आला आणि फोन तुटला.

केशवराव गुरुजी निखतकडं पाहतच राहिले. “हिरवं कसं असंल? इंजेक्शन तं काल रातीच संपलं. सकाळी लाल कराले सांगतलं होतं ना मी तुले?”

“केलं ना, गुरुजी. ते आत आहे. त्या तीन रेघा दाबल्या की दिसते,” निखत म्हणाली.

निखत अकोल्यात लोकांच्या वेबसाइट करून द्यायची. गुरुजींचं हे पान तिनं चार वर्षांपूर्वी फुकटात केलं होतं, शाळेत शिकवलेल्या गुरुजींचं काम म्हणून. दिसायला अगदीच गावठी. उघडलं की वर एक रुंद पट्टा, बस्स. पट्टा हिरवा असला तर फाट्याच्या आतल्या दवाखान्यात सापाचं इंजेक्शन आहे. लाल असला तर नाही, सरळ अकोला गाठायचं. पातूरपलीकडच्या डोंगरातल्या मैनाबाईला अक्षर येत नव्हतं, पण सुनेनं, प्रणालीनं, मोबाईलवर पान काढून दिलं की तिचं काम भागायचं.

हल्ली मात्र निखतला त्या पट्ट्याची लाज वाटायला लागली होती. तिकडं मोठ्या कंपन्यांनी आपली पानं मोकळी केली, वर पानभर फोटो लावला, कामाचं सगळं कोपऱ्यातल्या तीन रेघांच्या मेनूखाली दडवलं, की इकडं अकोल्यापर्यंत साऱ्यांनी तेच करायचं. पाटलानं पागोटं बदललं की गावानं बदलायचं, तशातली गत. तिची गिऱ्हाइकं येऊन मोबाईल पुढं करत, “हे असं पाहिजे.” मग गुरुजींचंच पान तेवढं जुनाट कशाला? आज सकाळी तिनं नवं पान चढवलं आणि दाखवायला गुरुजींना दुकानात बोलावलं. गुरुजींनी पान वर-खाली सरकवून पाहिलं. शेवटी म्हणाले, “तुले समजते बाप्पा.”

तिनं आता पान उघडलं. वर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, हिरवंगार शेत. फुकटच्या फोटोंतून तिनं स्वतः हौसेनं निवडलेलं.

“या अल्लाह!”

मैनाबाईनं वर हिरवं पाहिलं आणि सुनेला जीपमध्ये घातलं होतं.

गुरुजींनी फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच. “गाव सोडलं की फाट्यापर्यंत रेंज नाही,” ते म्हणाले. “पंधरा-वीस मिनिटं.”

फाट्यावरून दवाखाना एका अंगाला, अकोला दुसऱ्या अंगाला. चुकीच्या वाटेला गाडी लागली की जाऊन येऊन तासभर गेला. आणि विष काही तासभर वाट पाहत नाही. फाट्यावर ना टपरी, ना माणूस. निरोप द्यायचा तरी कुणाला?

“फाट्यावर थांबून पुन्हा एक डाव पाहाचं, असं मी साऱ्याईले सांगून ठेवलं हाये,” गुरुजी म्हणाले.

“एकदा हिरवं दिसल्यावर कोण थांबते, गुरुजी?”

गुरुजींनी पुन्हा नंबर लावला. कपाळावरचा घाम पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

निखतनं फोटो काढून टाकला. तीन रेघा काढल्या, नाव काढलं, महिनाभर जीव लावून केलेलं सगळं काढलं. एकच शब्द तिनं तीनदा चुकवला. शेवटी सगळ्या पानभर लाल रंग ओतला. “पाहा आता तुमच्या मोबाईलवर,” ती म्हणाली.

गुरुजींनी मोबाईल तिच्यापुढं धरला. हिरवंगार शेत.

जुनंच पान अडकून बसलं होतं. गुरुजींच्या हातातून मोबाईल जवळजवळ हिसकावून तिनं पान बंद केलं, पुन्हा उघडलं. लाल. पण हे मैनाबाईला कोण सांगणार? तिच्या मोबाईलमध्येही तेच शेत अडकून बसलं असलं तर? प्रणालीला दोन महिन्यांपूर्वीच मुलगी झाली होती. पेढे या दुकानातही आले होते. निखतनं तोंडावर ओढणी दाबून धरली आणि घड्याळाकडं पाहायचं सोडून दिलं.

गुरुजी नंबर लावत राहिले. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. वीस मिनिटं होऊन गेली.

मग गुरुजींच्या हातातला फोन एकाएकी वाजला. निखतनंच उचलून स्पीकर लावला.

“गुरुजी, लाल झालं न वो! पूरं लाल!” जीपच्या घरघरीतून मैनाबाई ओरडत होती. “फाट्यावर पुन्हा काढून पाह्यलं. अकोल्याले वळवली गाडी जीपवाल्या सूर्यभाननं. पोरगी बोलून राहिली अजून.”

“या, या! अकोल्यालेच या! मी मोठ्या दवाखान्यात जाऊन उभा राहतो,” गुरुजी उठलेच. चप्पल सापडत नव्हती, तरी त्यांच्यानं विचारल्याशिवाय राहवलं नाही. “पण तू थांबली कशी वो मैनाबाई? हिरवं तं पाह्यलं होतं ना तुनं?”

“पाह्यलं होतं ना, हिरवंगार वावर. पण रस्त्यानं दोन्ही अंगाचे वावरं पाहून राहिली होती मी. सारे करपले.” मैनाबाईला धाप लागली होती. “मंग मनात आलं, यंदा एवढं हिरवं कुठी हाये, गुरुजी?”