खुराड्यावरचं लिपण

बकारामनं कुदळीचा पहिला घाव खुराड्याच्या छपराच्या कडेवर घातला. माती ढासळली. तिच्याबरोबर दोडक्याचा वेल अर्धा खाली लोंबला. वेल अजून हिरवा होता, शेंड्याला दोन पिवळी फुलं होती. आतल्या चार कोंबड्या फडफडून कोपऱ्यात गेल्या.

"बाबा, काऊन पाडून राहिले जी?" जमुना म्हणाली. "उद्या मायचा चौका आहे. घरात माणसं येतीन."

"म्हणूनच पाडतो. महंत यायच्या आधी हे अंगणातून गेलं पायजे. आन् मी चौक्यावर बसणार नाही. कोणत्या तोंडानं बसू?"

माय, म्हणजे बकारामची बायको, जाऊन बारा दिवस झाले होते. घर कबीरपंथी; गेलेल्या माणसासाठी महंत घरी येऊन चौका मांडतो, आरती-भजन करतो. गळ्यात तुळशीची कंठी असेपर्यंत मांसाला आणि अंड्याला शिवायचं नाही, हा मायचा सोळाव्या वर्षापासूनचा नेम. शेवटची आंघोळ घालताना बायांनी तिच्या गळ्याभोवतीचा पदर सोडवला, तर गळा मोकळा. कंठी तिच्यासोबत मातीत द्यायची होती. उशी उसवली, पेटी उपसली. कंठी सापडली नाही.

"नेम मोडला असन," एक म्हातारी हळूच बोलली. "नाई तं कंठी जाते कुठं?"

ते बकारामच्या कानावर गेलं. तेव्हापासून तो धड जेवला नव्हता. कारण नेम मोडला होता, आणि ते त्याला आणि जमुनाला, दोघांनाच माहीत होतं.

जेठ महिन्यात गोंदियाच्या डॉक्टरनं मायची छाती तपासली. मग तिला दाराबाहेरच्या बाकावर बसवून बकारामला आत बोलावलं. रोज दोन अंडी द्या, दुधातून द्या, नाहीतर पावसाळासुद्धा निघायचा नाही. डॉक्टर म्हातारा होता, कानानं मंद, म्हणून बोलायचा मोठ्यानं. घरी आल्यावर बकारामनं जमुनाला गोठ्यात नेलं. "तिले सांगितलं तं ती मरन, पण खाणार नाही," तो म्हणाला.

मग घरात विंचू फार झाले, असं त्यानं गावभर सांगितलं. कोंबड्या विंचू टिपतात, हे सगळ्यांना पटलं. अंगणात कोळशानं रेघा ओढून त्यानं खुराडं आखलं. जमिनीपासून हातभर उंच. खाली धानाचा कोंडा, म्हणजे कोंबड्यांची घाण त्यात पडून खत होईल आणि ते खत छपरावर चढेल. छपराला बांबूचा तट्टा, तट्ट्यावर लिपण, लिपणावर वीतभर माती, मातीत दोडका. वेलाच्या सावलीनं आत गारवा राहील, पावसाचं उरलेलं पाणी उतारावरून कोंबड्यांच्या कुंडीत पडेल. त्याचा जन्म धानाच्या बांध्यांत पाणी फिरवण्यात गेला होता. कुठलं पाणी कुठं जाईल, हे त्याला नुसतं बघून कळायचं.

माय ओसरीवरून बघत होती.

"विंचवासाठी एवढा महाल? आपल्या लग्नाचा मांडव तं गळत होता."

छपरावर तट्टा बसला तेव्हा ती काठी टेकत खाली उतरली. "सरका. लिपण बायाचं काम. तुमचा हात फिरला तं पहिल्या पाण्यात धुपन." खोकत खोकत, थांबत थांबत तिनं एकटीनं छप्पर लिपलं. जमुना मदतीला वाकली, तर तिला दोनदा पाण्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी गोरेगावचा बाजार होता. तिथून बकारामनं कोंबड्या आणल्या.

त्यानंतर रोज सकाळी जमुना दुधात दोन अंडी फेटायची, वर गूळ आणि सुंठ घालायची आणि पेला मायच्या हातात द्यायची. माय तो एका दमात प्यायची. "म्हशीले कोणता चारा देऊन राहिले तुझे बाबा? दूध लय दाट झालं," म्हणायची आणि पदरानं तोंड पुसायची. गळा गार पडतो म्हणून तो पदर तिनं पावसाळाभर मानेभोवती गुंडाळून ठेवला होता. दोडके आले. पावसाळा निघाला. दिवाळीसुद्धा निघाली. माय कार्तिकाच्या शेवटी गेली.

"फसवून बाटवलं मी तिले," बकाराम म्हणाला आणि कुदळ पुन्हा उचलली.

"पेला तं मीच देत होती, बाबा."

त्यानं घाव घातला. लिपणाचा एक मोठा पोपडा तट्ट्यापासून सुटला आणि त्याच्या पायाशी पालथा पडला. खालच्या अंगाला बांबूची वीण जशीच्या तशी उठली होती. त्या विणीत, मातीत अर्धी रुतलेली, तुळशीची कंठी होती. दोरा तुटलेला नव्हता. गाठ सोडवून पुन्हा नीट मारलेली होती.

बकाराम खाली बसला. अंगठ्यानं एकेक मणी पुसत राहिला.

"हे लिपण कोणत्या दिवशी केलं होतं तिनं?" त्यानं विचारलं.

जमुनानं लोंबणारा वेल उचलून छपरावर ठेवला.

"कोंबड्या आणायच्या आदल्या दिवशी जी."