पेल्यांची सत्ती

"तुझी वहिनी गेली. कोंकियान खेळायला समोर कुणी नाही, तू ये." साकातेकासहून आलेल्या थोरल्या भावाच्या या पत्राला एलाडिओमास्तरांनी उत्तरच दिलं नव्हतं. जन्म पुस्तकांत गेला, पत्त्यांतलं काय कळणार? शेवटी ते शेजारच्या कुकाबाईंकडे शिकायला बसले. रोज हरायचे, पुन्हा बसायचे. आज बाईंनी स्पॅनिश पत्त्यांतल्या पेल्यांच्या रंगाची चौकी, पंजी, छक्की मांडली होती. मास्तरांकडे सत्ती होती. ती टाकली, तर नियमानं बाईंना घ्यावीच लागणार आणि बदल्यात हातातलं एक पान सोडून डाव मोडावा लागणार. मास्तरांची बोटं अडखळली. "दया चर्चमध्ये दाखवा, मास्तर!" बाई कडाडल्या. "भाऊ तुम्हाला मक्याच्या पानातल्या तमालेसारखं सोलेल." मास्तरांनी ओठ आवळून सत्ती टाकली. बाईंना राजा सोडावा लागला. तोच मास्तरांना हवा होता. "लागला डाव! शिकलात की हो, लबाड!" बाई हसल्या. दुपारी मास्तरांनी पोस्टात पत्र टाकलं: "दादा, येतोय. पत्ते पिसून ठेव."