मालकाच्या जागेवर

उत्तमराव घरातलं कुठलंच काम स्वतः करत नसत. माळवदावर माती टाकायला गवंडी, बाज विणायला जळबा आणि बाकी सगळ्याला सालगडी ग्यानबा. "ज्याचं काम त्यानंच करावं," असं ते बाजेवर पडून, ट्रान्झिस्टरचा कान पिळत सांगत.

त्यांचं पोरगं मोठ्या तापातून उठलं, तेव्हा त्यांच्या बायको जनकाबाई म्हणाल्या, "बाप नरसीला जाऊन काल्याचं कीर्तन ऐकंल, असा नवस बोलले मी. एवढं तरी तुमचं तुमी करा."

उत्तमरावांनी ग्यानबाला एस.टी.त बसवून दिलं.

दुपारी ग्यानबा काल्याचा प्रसाद घेऊन परतला.

"बराबर ऐकलंस ना रे?"

"तुमच्या जागी बसलो व्हतो, मालक. टाळ वाजला की झोपलो. घोरलो सुदा."

"काहून?"

"गेल्या साली सप्त्यात तुमी तसंच केलतं. तुमच्या कामात माझ्या मनानं बदल कसा करावा?"

जनकाबाईंना हसू आलं, पण ते ओठांवरच विरलं. "अन् माझ्या लेकराचा नवस रे, ग्यानबा?"

ग्यानबानं प्रसादाचा द्रोण पोराच्या हातात दिला.

"त्याची फिकीर नका करू, मालकीणबाई. मालकाचं काम पयल्या अभंगातच उरकलं. मग तोंड धुऊन आलो, अन् उरलेलं कीर्तन लेकरासाठी माझं म्या ऐकलं."