मोकळा गोल

सोर्चाच्या स्वमग्न लेकाची शाळेतली मदतनीस शुक्रवारी सरकारनं काढून घेतली. वर्गाची पाहणी करायला आलेल्या अधिकारी नुआलाताई म्हणाल्या, "पोरगं शांत बसतंय की! मग मदतनीस कशाला?" "ती शेजारी असते म्हणूनच बसतंय ना!" सोर्चानं परोपरीनं सांगितलं. रविवारी गावच्या बायकांच्या संघाचा गेलिक फुटबॉलचा, म्हणजे हातापायांनी खेळायच्या आयरिश फुटबॉलचा, अंतिम सामना होता. गोलरक्षक सोर्चा, प्रशिक्षक नुआलाताईच. सामना सुरू होऊन चेंडू उडताच सोर्चानं हातमोजे काढून बाकावर बसलेल्या ताईंच्या मांडीवर ठेवले आणि त्यांच्या शेजारी बसून थर्मासातला चहा ओतला. "अगं, गोल मोकळा पडलाय!" ताई ओरडल्या. "वर्षभरात आपल्यावर गोल झालाय का? मग गोलरक्षक कशाला?" सोर्चा म्हणाली. चेंडू आत गेला. तेवढ्यात समोरच्या संघाची गोलरक्षक मैदान ओलांडून आली आणि तिनंही हातमोजे ताईंच्या मांडीवर टाकले. "सरक गं जरा," ती सोर्चाला म्हणाली. " आमच्या पोरीचीही मदतनीस काढलीये." पंचानं शिट्टी तोंडात धरली, नियम मात्र कुठलाच आठवेना.