स्टिअरिंगचा दांडा

ज्ञानू मिस्त्री तासाभरापासून गाडीत उताणा पडला होता. डोकं पेडलांपाशी, पाय दाराबाहेर. स्टिअरिंगचा दांडा काढायचा तर दुसरा मार्ग नव्हता.

"मालक, ही गाडी न्हाय, बूट हाय," तो आतून म्हणाला. "पाय घालून चालायचं ते."

अंगणात खुर्ची टाकून बसलेले वीरभद्रप्पा हसले. "मग एका बुटाची नाडी सोडायला तास लागतो व्हय रे?"

गाडी खरोखरच लहान होती. दोन माणसांची, बिनटपाची, आणि इतकी हलकी की बोळात वळवायची झाली तर दोघं जण मागची बाजू उचलून फिरवत. बारा वर्षांपूर्वी एका मिलमधला विलायती इंजिनिअर मायदेशी जाताना ती विकून गेला. वीरभद्रप्पांनी सुताच्या पेढीवरून उठून, घरात कुणाला न विचारता, ती घेतली होती. तेव्हापासून दर रविवारी अक्कलकोट रस्त्यानं एक फेरी ठरलेली. दुरुस्तीला हात फक्त ज्ञानूचा.

आता ते एकाहत्तर वर्षांचे होते. डोळ्यांत काचबिंदू होता. समोरचं दिसे, कडेचं दिसत नसे.

गेल्या महिन्यात एक बाई शेळी घेऊन रस्त्याच्या डाव्या कडेनं चालली होती. वीरभद्रप्पांची मुलगी सुंदरम्मा गाडीत त्यांच्या शेजारी बसली होती. तिला ती बाई फर्लांगभर आधीपासून दिसत होती. अप्पांनाही दिसत असेल असं तिनं धरलं होतं. बाई रस्ता ओलांडायला वळली आणि गाडीचा वेग तसाच राहिला, तेव्हा सुंदरम्मानं हातब्रेक ओढला. गाडी शेळीपासून हातभर अंतरावर थांबली.

सुंदरम्मा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. पुढच्या रविवारी हे अंतर किती असेल, याचा हिशेब तिला करवत नव्हता. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून सांगितलं, तर अप्पांनी डॉक्टर बदलायची भाषा केली होती. चावी लपवणं तिला जमलं नसतं. बापाच्या हातून काही काढून घेतल्यासारखं झालं असतं. म्हणून ती ज्ञानूकडं गेली. दोघांनी मिळून ठरवलं. दांडा ज्यात फिरतो ते बुश झिजलंय म्हणायचं. दांडा काढायचा. बुश मुंबईहून यायचंय म्हणायचं. ते काही यायचं नाही.

"किती दिवस न्हाय यायचं, अक्का?" ज्ञानूनं विचारलं होतं.

आश्चर्य म्हणजे अप्पा लगेच तयार झाले. "काढ की," एवढंच म्हणाले. वाद घालायची तयारी करून आलेल्या सुंदरम्माला ते फारसं आवडलं नव्हतं.

डॅशबोर्डखालचे बोल्ट निघाले. हॉर्नची तार सुटली. शेवटी ज्ञानूनं खालच्या टोकाचा बोल्ट काढला. तिथं दांड्याच्या आतले दाते चाकं वळवणाऱ्या दात्यांत अडकलेले होते. त्यानं दांडा दोन्ही हातांनी धरून आपल्याकडं ओढला. तो एकदम सुटून आला. स्टिअरिंगच्या चाकासकट बाहेर आणून त्यानं तो जुन्या चादरीवर ठेवला.

पायरीवर बसलेल्या सुंदरम्माचे खांदे सैल झाले. गाडी आता कुठंही जाणार नव्हती.

"ज्ञानू," अप्पा म्हणाले, "पंच मारला नाहीस."

ज्ञानू हात पुसता पुसता थांबला.

"बारा वर्षं ऐकतोय मी. कुठलाही भाग उपसायच्या आधी तुझं टक, टक होतं. इकडं एक ठिपका, तिकडं एक ठिपका. परत बसवताना ठिपक्यासमोर ठिपका. एक दाता चुकला तर चाक वाकडं बसतं, हे तूच मला शिकवलंस."

"इसरलो, मालक."

"नाही विसरलास."

ज्ञानूनं सुंदरम्माकडं पाहिलं. तोंडानं खोटं बोलणं त्याला जमलं होतं, हातांना जमलं नव्हतं. परत न बसवायच्या दांड्यावर हातांनी खूण केलीच नव्हती.

"अप्पा," सुंदरम्मा उठून म्हणाली, "त्या दिवशी ती शेळीवाली..."

"मला दिसली नाही ती. तू ब्रेक ओढलास तेव्हाच कळलं. मग महिनाभर तुमचं दोघांचं काय चाललंय ते बघत बसलो. कडेचं दिसत नाही मला. समोरचं दिसतं की."

ज्ञानू खाली बघून हसला. सुंदरम्माला हसू आलं नाही. अप्पा दुखावले असतील, या भीतीनं ती त्यांचा चेहरा न्याहाळत होती. ते वाकले. दांड्याच्या टोकातल्या दात्यांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"पुढची चाकं सरळ आहेत ना अजून?"

"व्हय, हलवली न्हाईत."

"मग आहे तसाच घालून बघ, आणि आता मार ठिपके. बुश मात्र खरंच झिजलंय. ते मागव, नवं टाक आणि पुढच्या रविवारच्या आत गाडी तयार कर."

म्हणजे सगळं फुकट गेलं होतं. सुंदरम्मा परत पायरीवर बसली. तो रस्ता, ती डावी कड, सगळं पुन्हा तिच्या डोळ्यांपुढं आलं.

"परत बसवायचं, अप्पा?" तिनं हळू विचारलं.

"बसवायचं," वीरभद्रप्पा म्हणाले आणि ज्ञानूकडं वळले. "आणि सीट चार खाचा पुढं घे. सुंदराचे पाय माझ्याएवढे लांब नाहीत."