ऐंशीच्या खाली

नर्सनं शांत मनानंच आत जावं म्हणून, तिची नाडी ऐंशीच्या खाली आल्याशिवाय जळीत वॉर्डाचं दार आता उघडत नसे. इंदुमती सिस्टरांनी मन निववणारी आभासी दृश्यं दाखवणारा चष्मा चढवला. समुद्र पाहिला, देवराई पाहिली, तरी आकडा शंभरावरच. आत डिसले मास्तर खोळंबले होते. पट्टी ते फक्त सिस्टरांच्याच हातून बदलून घेत.

“सिस्टर, मन मोकळं सोडा ना!” तंत्रज्ञ फैयाज वैतागला.

“सोडलं की ते वॉर्डात पळतं, बाबा.”

त्यानं गुहेचं दृश्य लावलं. तिथं छतातून पाणी ठिबकत होतं. हळूहळू आकडा शहात्तरवर आला आणि दार उघडलं.

“लागलं की ध्यान!”

“ध्यान कसलं? थेंब मोजले. मिनिटाला बरोबर वीस. सलाईन नीट चालू दिसलं की माझा जीव भांड्यात पडतो,” म्हणत त्या हसतच मास्तरांकडे निघाल्या.